चहाडीचा रविवार

लोकांकडून पैसे काढणं किती अवघड असतं, ते मला कुणी शिकवू नये. मालवाहतुकीच्या कंपनीत हिशेब खात्यात माझी उभी हयात गेली. भल्याभल्यांची थकबाकी मी वसूल करून दाखवली आहे. पण माणसाला त्याने स्वतःच्या खिशातून केलेला खर्च कबूल करायला लावणं त्याहून अवघड असतं, हे मला निवृत्तीनंतर कळलं, तेही एका फुकटच्या नोकरीत.

ही नोकरी मला नणंदेच्या कृपेने लागली. नणंद म्हणजे आमच्या ह्यांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, टेलिफोनच्या कचेरीत होती, आता छोटंसं पेन्शन मिळतं, आणि पहिल्यापासून आमच्याकडेच राहते. गल्लीतली पोरं तिला खेळणीताई म्हणतात, कारण तिचा सगळा जीव खेळणीघरात.

खेळणीघर म्हणजे पुस्तकांचं वाचनालय असतं ना, तसं खेळण्यांचं. वर्षाची वर्गणी भरायची, दोन खेळणी घरी न्यायची, खेळून परत आणायची. पगार कुणालाच नाही, सभासदच सगळी कामं करतात. सायकलच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, छतापर्यंत फळ्या, आणि दाराशी एक टेबल. टेबलावर पत्र्याचं मोठं ताट. परत आलेलं खेळणं त्या ताटात ओतायचं आणि तुकडे मोजायचे. एखादा कमी निघाला तरी दंड नाही, हा नणंदेचा नियम. मुलाने फक्त तो कसा हरवला ते खरंखरं सांगायचं. ‘बाळाने गिळला’, ‘खिडकीतून उडायला निघाला’ असली एकेक कारणं ऐकून मी पदर तोंडाला लावायची. मग खोक्यावर लाल चिठ्ठी चिकटायची. आणि गंमत अशी, की थोड्याच दिवसांत हरवलेला तुकडा खोक्यात हजर! मला वाटायचं, काय गुणी मुलं आहेत, शोधून आणतात बिचारी.

तर त्या वर्षीच्या सभेला नणंद मला ओढून घेऊन गेली. जुने खजिनदार हिशेब वाचत होते, बाकीचे जांभया देत होते. मी गप्प बसावं की नाही? पण उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, ‘तुमची बेरीज चुकली आहे.’ त्यांनी चष्मा काढला, वही मिटली, उठून माझ्या मांडीवर आणून ठेवली आणि हात जोडले. लेकीकडे राहायला जायचं म्हणून ते सुटकेची वाटच बघत होते. टाळ्या पडल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

घरी येऊन वही उघडली आणि मी प्रेमातच पडले. काय तो खर्च! म्हणजे काय तो नसलेला खर्च! भाडं, वीज, आणि वर्षभरात एक झाडू. बस. चहा शून्य, दुरुस्ती शून्य. आमच्या कंपनीतले साहेब लोक टाचण्यांवर जितका खर्च करायचे तितक्यात ही माणसं वर्ष काढत होती. मी ह्यांना म्हटलं, ‘बघा, याला म्हणतात संस्था.’ हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, ‘छान.’ त्यांना सगळंच छान असतं.

मग नणंदेचे गुडघे आडवे आले. तसे ते दोन-अडीच वर्षं कुरकुरत होते, त्यासाठी व्यायामवाल्या बाईकडे जाते असं ती सांगायची, पण आता डॉक्टरांनी साफ सांगितलं, जिना बंद. ‘घरात फिरा, रस्त्यावर फिरा, पण जिना चढलात तर मला तोंड दाखवू नका.’ दुसऱ्या मजल्यावर लिफ्ट कुठली? नणंद दोन दिवस घरी बसली. तिसऱ्या दिवशी मी बाजारातून येताना बघते तर काय, ही बाई खेळणीघराच्या जिन्यावरून बसून बसून खाली येतेय. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर, लहान मूल उतरतं तशी. मांडीवर तुकडे जुळवायच्या कोड्याचं खोकं.

‘अगं, लाज वाटते का काही?’ मी ओरडले.

‘लाज वाटते म्हणून तर दुपारी उतरते, कुणी नसतं तेव्हा,’ ती म्हणाली. ‘वहिनी, तू डॉक्टरांना सांगू नकोस हं. ते दार बंद झालं तर मी दिवसभर करू काय? तुझ्या भाज्या निवडू?’

ती हसत बोलली, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. खेळणीघर सुटलं तर ही बाई वाळून जाणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. कोपऱ्यावर एक लाँड्री बंद पडली होती. तळमजला, रुंद दार, रस्त्याच्या पातळीला. भाडं मात्र जवळजवळ दुप्पट. आमच्या वर्गणीत ते बसणं शक्य नव्हतं. मी पदर खोचला. असल्या संस्थांना मदत करणारा एक न्यास आहे असं कळलं. त्यांच्याकडे पहिल्या दोन वर्षांच्या भाड्यासाठी अर्ज केला, सोबत हिशेब जोडले, आणि वर मोठ्या दिमाखात लिहिलं, ‘आमची संस्था जवळजवळ विनाखर्च चालते.’

उत्तर फोनवर आलं. न्यासातली बाई आवाजावरून तरुण होती, पण खमकी.

‘मॅडम, तुमचा अर्ज आम्ही मंजूर करू शकत नाही. तुमच्या हिशेबाप्रमाणे तुम्हाला काहीच लागत नाही.’

‘अहो, भाडं लागतं ना!’

‘सहाशे खेळणी आहेत म्हणता, आणि सेलचा खर्च शून्य? एकतर तुमची खेळणी चालत नाहीत, नाहीतर तुमचे हिशेब.’

मला कुणीतरी मुस्कटात दिल्यासारखं झालं. तिचं अक्षरन्‌अक्षर खरं होतं. आमच्याकडची आगगाडी चालत होती, बोलणारं अस्वल बोलत होतं, दिवे लुकलुकत होते. सेल काय झाडाला लागत होते? आणि ज्या चहावर शून्य लिहिलं होतं तो चहा दर रविवारी मी स्वतः ढोसत होते! इतकी वर्षं दुसऱ्यांचे हिशेब तपासले, आणि स्वतःच्या वहीत शून्य बघून हुरळून गेले.

‘महिनाअखेरपर्यंत खरे हिशेब पाठवा, मग बघू,’ असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी कामाला लागले. पहिल्यांदा दातांच्या डॉक्टरांना गाठलं. हे आमचे सभासद, दर बुधवारी तुटकी खेळणी घेऊन जातात. दवाखान्यात शिरले तर टेबलावर आमच्या शेतातल्या प्राण्यांच्या संचातला घोडा आडवा पडलेला, आणि डॉक्टर त्याला चौथा पाय बसवतायत. पाय गुलाबी. कवळीच्या हिरड्यांचा मसाला असतो ना, त्याचा.

‘डॉक्टर, या पायाचे किती झाले?’

‘कुठला पाय?’ असं म्हणत त्यांनी घोड्यावर रुमाल टाकला.

‘मसाला महाग असतो म्हणे.’

‘छे छे, उरलेला असतो. तुमची दाढ कशी आहे? आ करा बघू.’

मला आ करायला लावून माझंच तोंड बंद केलं त्या माणसाने!

शिंपीणबाईंकडे गेले. यांचं बाजारात झगे शिवायचं दुकान आहे. बाहुल्यांचे कपडे आणि कोड्यांच्या कापडी पिशव्या त्यांच्याकडून येतात. ‘चिंध्यांचं काय मोजायचं?’ त्या म्हणाल्या. चिंध्या म्हणे! बाहुलीच्या अंगावर नवा कोरा मखमलीचा कोट होता, आतून अस्तर लावलेला. माझ्या अंगावरच्या कोटाला तेवढं अस्तर नाही. मी बोट दाखवलं तर बाई सुया तोंडात धरून बसल्या, म्हणजे बोलायलाच नको.

चावीकाका तिसरे. हे निवृत्त पोस्टमन, खेळणीघराची किल्ली यांच्याकडे असते म्हणून चावीकाका. सेल तेच बदलतात हे मी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांनी सरळ कानांवर हात ठेवले. ‘मला ऐकू कमी येतं,’ म्हणाले. पोस्टात असताना शेपटी हलवणारं कुत्रंसुद्धा ऐकू यायचं या माणसाला!

आता सांगा, काय करायचं? आयुष्यभर मी पैसे न देणाऱ्यांच्या मागे धावले. इथे पैसे देऊन बसलेले माझ्यापासून पळत होते. मी रस्त्याच्या या बाजूने आले की ते त्या बाजूला. झाकली मूठ सव्वा लाखाची असेल, पण या सगळ्या झाकल्या मुठींपायी माझ्या नणंदेचं दार बंद होणार होतं. मला इतका संताप आला की घरी येऊन मी ह्यांच्यावरच ओरडले.

‘तुम्ही तरी सांगा, लोकांना बोलतं कसं करायचं?’

हे म्हणाले, ‘स्वतःबद्दल कोण बोलतंय? दुसऱ्याबद्दल विचार, थांबवता येणार नाही.’ आणि परत पेपरात घुसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा उपयोगाचा शब्द या माणसाच्या तोंडून क्वचितच पडतो. त्या दिवशी पडला.

रविवारी सगळ्या सभासदांना बोलावलं. नणंदेला मुद्दाम सांगितलं, ‘तू येऊ नकोस, जिना आहे.’ वीस-पंचवीस माणसं फळ्यांना टेकून, लहान मुलांच्या स्टुलांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली. मी टेबलापाशी उभी राहिले.

‘आज कुणीही स्वतःच्या खर्चाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही,’ मी म्हटलं. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. ‘आज फक्त दुसऱ्याचं सांगायचं. चहाड्या करायच्या. मनसोक्त.’

मग शिंपीणबाईंनी घसा खाकरला.

‘मला कुणाचं सांगायची सवय नाही,’ त्या म्हणाल्या, ‘पण डॉक्टरांना मागच्या महिन्यात एका तुकड्यासाठी आख्खं कोडं विकत घेताना मी पाहिलं. जहाजाचं. नवं कोरं. तुकडा काढून घेतला आणि बाकीचं माझ्या दुकानात ठेवून गेले, कुणाला सांगू नका म्हणाले.’

‘अहो बाई!’ डॉक्टर उठलेच. ‘आणि तुम्ही? मखमलीचं कापड कापून आधी त्याच्या चिंध्या करता आणि मग चिंध्या होत्या म्हणून सांगता. तुमच्या हाताखालच्या मुलीने सांगितलंय मला, दाढ काढताना!’

‘सेलचं सांगा ना कुणीतरी!’ मागून एक आई ओरडली. ‘चावीकाका दर महिन्याला डबाभर आणतात. आमच्या खालीच दुकान आहे, दुकानदार त्यांना सेलकाका म्हणतो.’

‘आणि तुझा चहा?’ काकांना एकदम स्वच्छ ऐकू यायला लागलं. ‘दूध, साखर, पेले, सगळं ही आणते. पेले फुटले तरी बोलत नाही, नवे आणून त्याच जागी ठेवते.’

मग जो काय गोंधळ उडाला! माणसं एकमेकांकडे बोटं दाखवत होती, ‘खोटं आहे’ म्हणून किंचाळत होती, आणि हसून हसून स्टुलांवरून घसरत होती. हरवलेले तुकडे मुलं आणत नव्हती, हेच आणत होते. कुणी लाकूड कोरून, कुणी बाहेरगावच्या दुकानातून, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपण एकटेच. मी लिहून लिहून थकले. मध्येच डॉक्टर रागाने म्हणाले, ‘पण मला पैसे परत नकोत.’

‘देतंय कोण?’ मी म्हटलं. ‘जमेला तुमची देणगी लिहायची आणि तेवढाच खर्च दुसऱ्या बाजूला. पैसा हलत नाही, फक्त दिसतो. एवढंच करायचं होतं हो, त्यासाठी मला रस्ताभर पळवलंत!’

मी वही मिटणार, इतक्यात चावीकाका हळूच म्हणाले, ‘आणि भाडं?’

‘भाड्याचं काय? भाडं लिहिलेलंच आहे.’

‘ते जुनं भाडं. मालकांनी दोन वर्षांपूर्वी वाढवलं. पाकीट मी नेऊन देतो. पाकिटात संस्थेचा चेक असतो, आणि वरचे पैसे खेळणीताई घालते. मला शपथ घातली होती. पण आज तुम्हीच म्हणालात, चहाड्या करा.’

माझ्या डोक्यात चक्र फिरलं. दोन वर्षं नणंदेचं पेन्शन कुठे जातं हे मी विचारलं की ती म्हणायची, ‘गुडघ्यांवर. ती व्यायामवाली बाई महाग आहे.’ आणि मी विचारायची, ‘फरक पडतोय का?’ तर म्हणायची, ‘हो, छान.’ बहीणभाऊ दोघांचं सगळं छान! काखेत कळसा आणि गावाला वळसा घालत मी दुसऱ्यांच्या मुठी उघडायला निघाले होते.

मी तशीच जिन्याकडे गेले. तर मधल्या वळणावर ही बाई बसलेली, भिंतीला टेकून, धापा टाकत. येऊ नकोस म्हटलं होतं तरी आली होती.

‘वर काय हसताय एवढे?’ ती म्हणाली. ‘मला येऊ नकोस का म्हणालीस?’

‘व्यायामवाली बाई कशी आहे?’ मी विचारलं.

तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला कळलं. ती मान खाली घालून बोटातली अंगठी फिरवत बसली.

‘गुडघे मोडून भाडं भरलंस?’ माझा आवाज चढला. ‘ज्या जिन्याने तुझे पाय गेले त्याच जिन्याला पैसे मोजत होतीस? अक्कल गहाण टाकली होतीस का? मला सांगायचं होतंस, तुझ्या दादाला सांगायचं होतंस!’

‘दादाला सांगितलं असतं तर दादाने दिले असते,’ ती म्हणाली.

‘मग?’

‘मग तेही दादाचेच झाले असते ना, वहिनी.’ ती रडत नव्हती, अगदी साधं बोलत होती. ‘मी दादाच्या घरात राहते. दादाच्या ताटात जेवते. तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, तू तर मुळीच नाहीस. पण मला वाटायचं, जगात एक जागा असावी जिथे मी देणारी आहे. फक्त घेणारी नाही.’

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. मी कचेरीत जायची तेव्हा माझ्या दोन्ही पोरांना न्हाऊमाखू कुणी घातलं? गोवरात रात्ररात्र कोण जागलं? थोरली आजही फोन केला की आधी ‘आत्या कुठे आहे’ विचारते, मग मी. आणि ही म्हणते, मी घेणारी!

‘मूर्ख आहेस,’ मी म्हटलं. ‘तू नसतीस तर मी एक दिवस नोकरी करू शकले नसते. घरात मी वही ठेवली नाही ही माझी चूक. ठेवली असती तर जमेला सगळीकडे तूच असतीस.’

‘आता ते भाडं लिहू नकोस,’ ती म्हणाली. ‘दादाला कळेल.’

‘लिहिणार. खजिनदार मी आहे. आणि सोमवारपासून तुझं पेन्शन आणि तुझे गुडघे, दोन्ही माझ्या ताब्यात. चल, ऊठ.’

तिला धरून वर नेलं. ती दारात दिसताच सगळे उभे राहिले. ती लाजली आणि म्हणाली, ‘बसा, बसा, स्टुलं मोडतील.’

खरे हिशेब न्यासाला पाठवले. त्या खमक्या बाईचा फोन आला. ती म्हणाली, ‘मॅडम, आता कळलं तुम्हाला काय लागतं ते. पण एवढं सगळं माणसं खिशातून घालत राहिली तर एक दिवस थकतील हो.’ मी म्हटलं, ‘थकलेलं माणूस माझ्या घरातच आहे.’ दोन वर्षांचं भाडं मंजूर झालं. तिने शेवटी विचारलं, ‘ते कवळीच्या मसाल्याचा घोड्याचा पाय, ही नोंद खरी आहे?’ मी तिला घोड्याचा फोटो पाठवला.

लाँड्रीच्या जागेत फळ्या लागल्या. पहिल्या दिवशी नणंद व्यायामवाल्या बाईकडून, म्हणजे खऱ्या व्यायामवाल्या बाईकडून, थेट तिकडे आली. रस्त्यावरून सरळ आत चालत गेली, टेबलापाशी बसली, पत्र्याचं ताट पुढे ओढलं. मी शेजारी पावतीपुस्तक घेऊन बसले होते.

‘वहिनी, भाडं आता न्यास देणार?’

‘हो.’

‘सेल, चहा, कापड, सगळं संस्थेच्या हिशेबातून?’

‘हो. नियम केलाय आता.’

‘मग मी काय देऊ?’

मी वही उघडून सभासदांची पानं तिच्यापुढे धरली.

‘वर्गणी दे,’ मी म्हटलं. ‘सगळ्यांनी भरली आहे, एका बाईने आजपर्यंत एकदाही भरलेली नाही. तुझं नाव सभासदांत नाहीच. इतकी वर्षं इथे काम केलंस आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तुझ्यासुद्धा.’

मग तिने पर्स उघडली, पैसे मोजून टेबलावर ठेवले आणि खुर्चीत ताठ बसली. मी पेनाचं टोपण काढलं.

‘खेळणीताई असं लिहू नकोस,’ ती म्हणाली. ‘माझं पूर्ण नाव लिही.’

मी तिचं पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली आणि पावती फाडून तिच्या हातात दिली.